युद्धाची बातमी आली की विश्वास कोणावर ठेवायचा?

‘माझे सासरे लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कराची बंदर पेटल्याचा व्हिडिओ आप्पांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. धाकटे दीर जर्मनीत असतात. ते परदेशी पेपरांच्या बातम्या टाकून “विमानं आपली पडलीत, आधी ते बोला” म्हणत राहिले. तेव्हापासून बापलेकात बोलणं नाही. आता युक्रेन असो, गाझा असो, काहीही निघालं तरी तेच भांडण. मी हायस्कूलला शिकवते. मुलं विचारतात, “बाई, खरं काय?” मी “युद्धात सगळेच खोटं बोलतात” असं सांगून वेळ मारून नेते, पण ते उत्तर माझं मलाच पटत नाही. विश्वास कोणावर ठेवायचा? आणि घरात हा विषय काढायचा कसा?’
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

ताई,

जे उत्तर तुम्हाला पटत नाही, ते खरोखरच चुकीचं आहे. ‘सगळेच खोटं बोलतात’ ऐकायला समतोल वाटतं, पण त्याचा फायदा जो जास्त खोटं बोलतो त्यालाच होतो. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनमधल्या कीव्हजवळच्या बुचा गावातून रस्त्यावर पडलेल्या नागरिकांच्या मृतदेहांचे फोटो आले. रशियाच्या संरक्षण खात्याने सांगितलं, आमचं सैन्य ३० मार्चलाच तिथून निघालं, हे सगळं नंतर रचलेलं नाटक आहे. ‘दोघेही खोटारडे’ म्हणणारा माणूस इथेच थांबतो. पण गावातल्या याब्लुन्स्का रस्त्याची मार्चच्या मध्यावरची उपग्रह छायाचित्रं उपलब्ध होती. एप्रिलमधल्या फोटोंत मृतदेह जिथे दिसतात, नेमक्या तिथेच माणसाच्या आकाराच्या काळ्या खुणा त्यात होत्या, आणि तेव्हा गाव रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. रशियाचा दावा तिथे कोसळला.

म्हणजे खरं काय ते पुष्कळदा कळतं. फक्त त्यासाठी एखाद्या देशाला, पेपरला किंवा घरातल्या माणसाला एकगठ्ठा खरं किंवा खोटं ठरवणं सोडावं लागतं आणि एकेक दावा सुटा करून बघावा लागतो. तुमच्या घरचं भांडणच घेऊ.

आप्पांचा दावा असा की भारताने कराची बंदर उद्ध्वस्त केलं. ८ मे २०२५ च्या रात्री आपल्याकडच्या अनेक वाहिन्यांनी तसं सांगितलं, त्यामुळे आप्पांनी ते मनाने रचलं नाही. पण हल्ला झाला नव्हता, आणि हे कळायला पाकिस्तानी सूत्रांची गरजही नाही. ११ मेच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं की कराचीसह निवडक लक्ष्यांवर, आपण ठरवू त्या वेळी, मारा करण्याच्या तयारीत नौदल उभं होतं. तयारीत होतं, याचा अर्थ मारा केला नव्हता. कराचीचा म्हणून फिरलेला एक व्हिडिओ तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा निघाला. तिथे ३१ जानेवारी २०२५ ला एक रुग्णवाहू विमान वस्तीत कोसळलं होतं.

दिरांच्या बोलण्यात दोन दावे एकमेकांत मिसळलेत. विमानं पडली का? हो. ११ मेला एअर मार्शल ए. के. भारती एवढंच म्हणाले की लढाईत नुकसान होतंच आणि आपले सगळे वैमानिक परत आले आहेत. नुकसान त्यांनी नाकारलं नाही, आकडाही दिला नाही. ३१ मेला सिंगापूरमध्ये संरक्षणदल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं. किती पडली, हा मात्र वेगळा प्रश्न. पाकिस्तानने आधी पाच सांगितली, मग सहा. पाचाच्या वेळी त्यांचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांना सीएनएनवर पुरावा विचारला, तर ‘ते सगळं समाजमाध्यमांवर आहे’ अशा आशयाचं उत्तर मिळालं. सहाचा आकडा जनरल चौहान यांनी साफ चुकीचा ठरवला, पण आपला आकडा सांगितला नाही. ऑगस्टमध्ये हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं जाहीर केलं. पाकिस्तानने ते नाकारलं. तेव्हा ‘पडली’ हे पक्कं आणि ‘इतकी पडली’ हे वादातलं. पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरं सिद्ध झालं असं दीर म्हणत असतील, तर तिथे त्यांचा पाय घसरतो.

आता विश्वासाचा प्रश्न. पक्षपाती माणूस खोटाच बोलतो, हे डोक्यातून काढून टाका. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटचा दुसरा दिवस आठवा. पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्यांनी भारताचं विमान पाडून वैमानिक पकडल्याचं जाहीर केलं. शत्रूने सांगितलं म्हणून ते खोटं ठरलं नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही त्याच दिवशी एक मिग-२१ गेल्याचं आणि वैमानिक बेपत्ता असल्याचं सांगितलं. पण त्याच प्रवक्त्यांनी आधी दोन वैमानिक ताब्यात असल्याचं सांगितलं होतं, आणि दिवस मावळेपर्यंत ते एकावर आले. तोंड एक, दिवस एक. एक दावा खरा आणि एक खोटा.

मग पत जोखायची कशावरून? स्वतःच्या बाजूला टोचेल असं तो माणूस किंवा ती संस्था कधी काही सांगते का, यावरून. त्याच २७ फेब्रुवारीच्या सकाळी बडगाममध्ये आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. हवाईदलाचे सहा जण आणि एक स्थानिक नागरिक गेले. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं, ही मोठी चूक होती, असं हवाईदल प्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं. अशा विधानाचं वजन सगळ्यात जास्त, कारण ते बोलण्यात बोलणाऱ्याचा तोटा आहे. पाकिस्तानातही हे घडतं. मे २०२५ मध्ये त्यांचे उपपंतप्रधान इशाक दार यांनी संसदेत ब्रिटनच्या ‘डेली टेलिग्राफ’चा हवाला देऊन आपल्या हवाईदलाची तारीफ केली. ते पान बनावट असल्याचं पाकिस्तानच्याच ‘डॉन’ने छापलं. युद्ध नुकतंच थांबलेलं असताना आपल्याच उपपंतप्रधानाची चूक काढणाऱ्या पेपरची पुढची बातमी उघडून वाचावी. शत्रूराष्ट्राचा पेपर म्हणून बाजूला टाकू नये. दिरांच्या आवडत्या परदेशी पेपरांनाही हीच फूटपट्टी लावा: त्यांच्या स्वतःच्या देशाच्या लष्कराबद्दल ते काय छापतात?

सरकारच्या पीआयबी (पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकबद्दल मुलं विचारतील. बनावट व्हिडिओ आणि खोटी परिपत्रकं पकडायला ते उपयोगी आहे. पण सरकारच्याच दाव्याला ते खोटं ठरवेल, अशी अपेक्षा धरू नका. सरकारी कामकाजाबद्दलच्या मजकुराला खोटा ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटला देणारी नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, तीही याच काळजीने. मुंबईचं ‘बूम’ आणि ‘ऑल्ट न्यूज’ या दाव्यांची पडताळणी करणाऱ्या बिगरसरकारी संस्थाही पाहत जा. एकाच व्हिडिओबद्दल या तिघांचं उत्तर एक आलं, तर ते बहुतेक पक्कं समजा.

दुसरी कसोटी, त्या माणसाला हे कळायची सोय होती का? १७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला आणि बघता बघता हमासच्या ताब्यातल्या गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या हवाल्याने ‘इस्रायली हल्ल्यात शेकडो ठार’ अशा ठळक बातम्या जगभर गेल्या. रात्रीच्या अंधारात, आग चालू असताना, मृतदेह मोजले कोणी? आणि क्षेपणास्त्र कोणाचं हे अवशेष न बघता कोणाला कळलं? इस्रायलने तो गाझातूनच सुटलेला, भरकटलेला अग्निबाण असल्याचं सांगितलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सहा दिवसांनी टीप छापून कबूल केलं की सुरुवातीच्या बातम्या हमासच्या दाव्यावर फार विसंबून होत्या. आता याची दुसरी बाजू. गाझाच्या त्याच आरोग्य मंत्रालयाचे आधीच्या युद्धांमधले एकूण मृतांचे आकडे नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीशी बऱ्यापैकी जुळले होते. तासाभरातला आकडा आणि नावांच्या याद्या जुळवून काढलेला आकडा यांची किंमत सारखी नसते, देणारा एकच असला तरी. म्हणून कोणत्याही मोठ्या घटनेच्या पहिल्या दोन दिवसांत आकडा आणि दोषी, या दोन गोष्टींवर मत बनवू नका. घटना घडली, एवढंच धरा.

आकड्यांवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून इथे थोडं थांबू. इराकमध्ये मार्च २००३ पासून २००६ च्या मध्यापर्यंत किती माणसं मेली? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने सुमारे ६ लाख ५५ हजार सांगितले. इराकी सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीने १ लाख ५१ हजार. ‘इराक बॉडी काउंट’ची नोंद पन्नास हजारांच्या आसपास होती. यात कोणी मुद्दाम खोटं बोललं असं समजायचं कारण नाही. तिघांनी वेगळ्या गोष्टी वेगळ्या पद्धतीने मोजल्या. पहिल्यात युद्ध नसतं तर जे मेले नसते असे सगळे धरले होते, म्हणजे हिंसेत गेलेले आणि दवाखाने बंद पडून आजाराने गेलेलेही. दुसऱ्यात फक्त हिंसक मृत्यू. तिसऱ्यात प्रामुख्याने बातम्यांमध्ये नोंद झालेले सामान्य नागरिक. पहिला अभ्यास ४७ ठिकाणच्या १,८४९ घरांवर उभा होता, दुसरा नऊ हजारांहून जास्त घरांवर. नमुना लहान असला की एखाद्या जास्त होरपळलेल्या वस्तीने अख्खा अंदाज वर जातो. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर टीकाही बरीच झाली. बातम्या मोजणाऱ्या यादीतून उलट, जिथे पत्रकार पोचलाच नाही ते मृत्यू निसटतात. तेव्हा पुढच्या वेळी आकडा आला की चार गोष्टी विचारा. यात फक्त मेलेले आहेत की जखमी आणि बेपत्ताही? सैनिक आणि नागरिक वेगळे केलेत का? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? मोजलाय की अंदाज बांधलाय? याची उत्तरं बातमीत नसतील तर तो आकडा कोणाच्या तोंडावर फेकू नका.

आता व्हिडिओ तपासायचा कसा, ते हातावर सांगतो. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं, तर तो पाठवणाऱ्याने काढलेला नाही. निदान पाच हात फिरून आलाय. मोबाईलच्या गॅलरीत दिसणारी तारीख तुम्ही तो उतरवून घेतल्याची असते, तिला पुरावा मानू नका. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली कुठे-कधी काढला ही नोंदही वाटेत गळून जाते. व्हिडिओ थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या. ज्वाळांचे घेऊ नका, कारण जगातल्या सगळ्या ज्वाळा सारख्याच दिसतात आणि शोधात भलतंच काहीतरी निघतं. इमारतीचा कोपरा, दुकानाची पाटी, विजेचा खांब, गाडी दिसेल अशी चौकट निवडा. वर चिकटवलेली मजकुराची पट्टी आणि वाहिनीचं चिन्ह कापून टाका. मग तो तुकडा गूगल लेन्समध्ये टाका, म्हणजे तेच चित्र आधी कुठे आलं होतं ते शोधता येतं. नाही सापडला तर यांडेक्स आणि टिनआय ही चित्र शोधणारी दुसरी संकेतस्थळं बघा. टिनआयमध्ये ‘सर्वांत जुनं आधी’ असा क्रम लावता येतो. घटनेच्या तारखेआधीची एक जरी प्रत निघाली, तरी काम झालं. काहीच निघालं नाही तर मात्र व्हिडिओ खरा ठरत नाही. तो फक्त अजून पकडला गेलेला नाही.

शोधयंत्राशिवायही बरंच दिसतं. गाड्या कोणत्या बाजूने धावतात? पाकिस्तानात आपल्यासारख्या डावीकडून, अमेरिकेत उजवीकडून. अक्षरं उलटी दिसतात का? पकडलं जाऊ नये म्हणून काही लोक व्हिडिओ आरशातल्यासारखा फिरवतात. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं गेली काही वर्षं प्रत्येक युद्धात खरी म्हणून फिरतात. मे २०२५ मध्ये दोन्ही देशांत फिरली. तो गेम बनवणाऱ्या चेक कंपनीनेच लोकांनी फसू नये म्हणून खुणा सांगितल्या आहेत: चित्र फार धूसर, कॅमेरा सारखा हलणारा, वेळ बहुतेक रात्रीची, आवाज बहुधा नाही, हलती माणसं नाहीत, धूर आणि धूळ कृत्रिम वाटणारी. आणि एखादा सेनाधिकारी अचानक आपल्या पराभवाची कबुली देताना दिसला, तर त्या पत्रकार परिषदेचं पूर्ण चित्रण शोधून ते वाक्य त्यात आहे का बघा. पाकिस्तानच्या लष्करी प्रवक्त्यांचा दोन विमानं गमावल्याचं सांगणारा व्हिडिओ त्या आठवड्यात आपल्याकडे खूप चालला. तो एआयने बनवलेला होता. स्वतःच्या बाजूला टोचणारी कबुली वजनदार असते, म्हणूनच तिची नक्कल होते.

यात नुकसान कोणाचं होतं हे आप्पांना आणि मुलांनाही सांगा. ७ मे २०२५ ला पूंछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्यात मदरशातले एक शिक्षक मारले गेले. ते भारतीय नागरिक होते, शत्रूच्या गोळ्याने गेले. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना दहशतवादी म्हटलं. पूंछ पोलिसांना खुलासा काढावा लागला की त्यांचा दहशतवादाशी काही संबंध नाही. घरात मयत असताना त्या कुटुंबाने हेही सोसलं. ‘फॉरवर्ड केल्याने काय बिघडतं’ याचं याहून स्पष्ट उत्तर आमच्याकडे नाही.

घरच्या बोलण्याला ग्रुपवर सुरुवात करू नका. सुना-नातवंडांसमोर चूक दाखवली की माणूस चुकीलाच धरून बसतो, आप्पांच्या वयाला तर फारच. ते एकटे असताना, त्यांना जे तुमच्यापेक्षा जास्त कळतं ते विचारा: ‘आप्पा, कारवाई चालू असताना सैन्य आपलं नुकसान लगेच का सांगत नाही?’ याचं उत्तर हवालदार म्हणून काढलेल्या वर्षांतून ते नीट देतील: शत्रूला आपला मारा लागला की चुकला ते कळू द्यायचं नसतं, आधी माणसं सुखरूप आणायची असतात, घरच्यांना टीव्हीआधी कळवायचं असतं. २६/११ ला ताजच्या बाहेरून चाललेलं थेट प्रक्षेपण अतिरेक्यांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांना बसल्या जागी दिसत होतं. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून फटकारलं. अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण आज नियमानेच बंद आहे. हे आप्पांच्या तोंडून आलं की पुढचं सोपं होतं. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे दिरांना ऐकू द्या. आणि सैन्य गप्प असताना जी वाहिनी मिनिटामिनिटाला विजय सांगते तिला ते कळलं कुठून, हे आप्पांना विचारा. नौदलाचं ११ मेचं निवेदन त्यांना दाखवा. गणवेशातल्या माणसाचं ते ऐकतील.

दिरांना वेगळं काम द्या. बातमीचा मथळा नको, ज्यात दावा आहे तो परिच्छेद टाका म्हणावं. ‘दावा केला’, ‘सांगितलं’, ‘दुजोरा दिला’ यातलं नेमकं क्रियापद कोणतं, आणि कर्ता कोण, हे मराठीत लिहून द्यायला लावा. ‘नाव न सांगण्याच्या अटीवर अधिकारी’ असेल तर कोणत्या देशाचा अधिकारी, हेही.

वर्गासाठी चालू युद्ध घेऊ नका. मुलं घरची भांडणं वर्गात आणतील. १९९० ची कुवेतची घटना घ्या, एक तास पुरतो. फळ्यावर चार रकाने आखा: कोण म्हणतं, त्याला कसं कळलं, कधी म्हणालं, खोटं निघालं तर त्याचं काय जातं. मग सांगा: १० ऑक्टोबर १९९० ला अमेरिकेत ‘नायिरा’ एवढंच नाव सांगणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीने रडत साक्ष दिली की कुवेतच्या रुग्णालयात इराकी सैनिकांनी बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर मरायला टाकलं. मुलांना रकाने भरू द्या, विश्वास किती ते दहापैकी लिहू द्या. मग एकेक माहिती पुढे करा. ती सुनावणी संसदेच्या समितीची वाटली तरी तशी नव्हती, साक्षीला शपथही नव्हती. साक्षीची तयारी ‘हिल अँड नोल्टन’ या जनसंपर्क कंपनीने करून घेतली होती आणि तिचे पैसे कुवेत सरकारकडून आले होते. जानेवारी १९९२ मध्ये कळलं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची. सुरुवातीला या आरोपाला दुजोरा देणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने तो मागे घेतला. प्रत्येक माहितीनंतर मुलांना आकडा बदलायला सांगा. आणि तास संपण्याआधी विचारा: ही गोष्ट खोटी निघाली म्हणून इराकने कुवेत बळकावलाच नाही का? बळकावला होता, आणि तिथे अत्याचारही झाले होते. हा शेवटचा प्रश्न गाळू नका. तो गाळला तर मुलं पुन्हा ‘सगळंच खोटं’ वर जाऊन बसतील.

राहिला तो कराचीचा व्हिडिओ. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी पुसायची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, ती केव्हाच गेली. दुरुस्ती ज्याने पाठवलं त्यानेच, त्याच ग्रुपवर करावी. दुसऱ्याने केली की ती टोमणा वाटते. जुना व्हिडिओ पुन्हा जोडू नका, नाहीतर तो परत फिरायला लागतो. आप्पांचा व्हिडिओ तोच फिलाडेल्फियाचा आहे याची खात्री करून घ्या, मग मजकूर एवढाच पुरे: ‘मे २०२५ मध्ये मी टाकलेला कराचीचा व्हिडिओ अमेरिकेतल्या विमान अपघाताचा आहे. कोणाला पाठवला असेल तर त्यांनाही कळवा.’ आप्पांना टाइप करायला जड जात असेल तर ते सांगतील तसं नातवंडांनी टाइप करावं, पण पाठवायचं आप्पांच्या फोनवरून.